अर्ज लिहिणाऱ्याचा पगार कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या सामाजिक संस्थांना अनुदान देणाऱ्या फाउंडेशनचा निधी मिळत नाही, कारण त्यांना धड अर्ज लिहिता येत नाही, असं हल्ली वरचेवर ऐकू येतं. त्यावर उतारा म्हणून प्रस्तावलेखनाच्या कार्यशाळा भरतात. अशाच एका संस्थेचे हिशेब मी सांभाळतो, आणि मला हे निदान पटत नाही. चांगला अर्ज लिहायला माणूस लागतो आणि नेमका त्याच माणसाचा पगार द्यायला कोणी तयार नसतं.

अर्जातला अंदाजपत्रकाचा तक्ता पाहा. साहित्य, प्रशिक्षण, प्रवास यांचे रकाने ऐसपैस. ‘प्रशासकीय खर्चा’पुढे मात्र बहुतेक वेळा दहा टक्क्यांच्या आसपास मर्यादा. जागेचं भाडं, वीजबिल, हिशेबनीस, लेखापरीक्षण, शिवाय त्याच फाउंडेशनला दर तिमाहीला अहवाल धाडणारा माणूस, हे सगळं त्यात बसवायचं. बसत नाही ते ‘प्रकल्प समन्वय’ अशा भारदस्त नावाखाली सरकवलं जातं. घेणाऱ्याला हे ठाऊक असतं, देणाऱ्यालाही असतं.

फोर्ड फाउंडेशनने २०१५ मध्ये प्रकल्प-अनुदानातला अप्रत्यक्ष, म्हणजे प्रशासकीय, खर्चाचा वाटा दहावरून वीस टक्के करण्याचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या देणगीदाराला जुना आकडा खोटा वाटत असेल, तर इतरांनी त्याला का चिकटून राहावं?

अमेरिकेतल्या धनाढ्य देणगीदार मॅकेन्झी स्कॉट यांनी त्याही पुढची वाट धरली. २०२३ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या स्थानिक संस्थांकडून खुले अर्ज मागवले. सहा हजारांहून अधिक अर्ज आले आणि त्यांची पहिली छाननी केली ती अर्जदार संस्थांनीच, एकमेकींची. मार्च २०२४ मध्ये ३६१ संस्थांना मिळून ६४ कोटी डॉलर जाहीर झाले, आणि पैसे कशावर खर्चायचे हे संस्थांवर सोडलं गेलं. अर्थात वार्षिक खर्च किमान दहा लाख डॉलर असलेल्याच संस्था पात्र होत्या. म्हणजे दोन कार्यकर्ते नि एक कपाट एवढाच पसारा असलेल्यांना तिथेही दार बंदच.

अर्जाच्या आकाराचंही तेच. रक्कम लहान असो वा मोठी, फॉर्म तेवढाच लांबलचक. एकाला ‘उद्दिष्टं’ हवीत, दुसऱ्याला ‘परिणाम’, तिसऱ्याला दोन्ही, तेही हजार अक्षरांत, मोकळ्या जागा धरून. आधी दोन पानांचं संकल्पना-टिपण मागवावं आणि ज्यांना खरोखर संधी आहे त्यांच्याकडूनच पूर्ण प्रस्ताव घ्यावा, ही पद्धत काही फाउंडेशनकडे आहेच. ती सर्रास का होत नाही? आणि नकार देताना कारणाची एक ओळ लिहायला किती वेळ लागतो?

दुसरी गोम ‘नावीन्या’ची. वर्षानुवर्षं नीट चाललेला अभ्यासवर्ग निधीला अपात्र ठरतो, कारण त्यात नवं काही नाही. मग संस्था अनुदानासाठी नवा प्रकल्प जन्माला घालतात आणि वर्षाने तो वाऱ्यावर सोडतात. इथे दोष संस्थांचाही आहे. अर्ज करण्याआधी त्या फाउंडेशनने मागच्या दोन-तीन वर्षांत कोणाला, किती, कशासाठी दिलं, एवढं तरी पाहावं. अमेरिकेत खासगी फाउंडेशनना आपल्या अनुदानांची यादी आयकर विवरणात द्यावी लागते आणि ते विवरण कोणालाही पाहता येतं. इतर अनेक ठिकाणी वार्षिक अहवाल चाळला तरी अंदाज येतो. आपलं काम त्यात कुठे बसत नसेल, तर अर्ज न करणंच शहाणपणाचं. अर्ज लिहिण्यात गेले असते त्या पंधरा दिवसांत परिसरातल्या नियमित देणगीदारांना भेटून यावं.

आपल्या दैनिकात निधिवाटपाच्या बातम्या धनादेशाच्या फोटोसह छापून येतात. पुढच्या वेळी बातमीदाराने देणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारावा: यातली किती रक्कम संस्थेला स्वतःचा कारभार चालवायला वापरता येणार आहे? उत्तर बातमीतच छापावं, ही विनंती.

आपला,
एका छोट्या संस्थेचा खजिनदार