डॉजर्सचा २०२५चा मानकरी यामामोतोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडापानावर लॉस एंजेलिस डॉजर्सच्या २०२५च्या हंगामाचा आढावा वाचला. मराठी वर्तमानपत्रात बेसबॉलला एवढी जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. मात्र संघाचा हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडू म्हणून लेखकानं शोहेइ ओहतानीचं नाव घेतलं आणि पुढच्या वाक्याला तो विषय संपवूनही टाकला. माझं मत वेगळं आहे. त्या संघाचा त्या वर्षीचा मानकरी योशिनोबु यामामोतो हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता.

मी पंचवीस वर्षं लॉस एंजेलिसच्या परिसरात राहते. हिशेबतपासनीस म्हणून नोकरी केली. कार्यालयातल्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला स्कोअरबुक लिहायला शिकवलं, तेव्हापासून डॉजर्सचा सामना मी वही-पेन्सिल घेऊनच ऐकते किंवा बघते. वहीच्या पानावर वर बॅटर्सचे चौकोन असतात आणि तळाशी पिचर्सचा छोटा रकाना: नाव, किती इनिंग (डाव), किती हिट (बॅटरला बेस गाठून देणारे फटके), किती धावा. लोक वरचे चौकोन बघतात, कारण होम रन, म्हणजे कुंपणापलीकडचे फटके, तिथे असतात. माझी नजर आधी तळाशी जाते. संघाची तब्येत तिथे कळते. त्या दिवशी किती जणांना मैदानात उतरवावं लागलं आणि उद्यासाठी कोण शिल्लक राहिलं, ते त्या चार ओळींत असतं.

२०२५ची वही उघडली की तो रकाना बहुतेक पानांवर भरगच्च दिसतो, पाच पाच, सहा सहा नावं. ब्लेक स्नेलचा खांदा दुखावला, तो अकरा सामन्यांतच सुरुवातीचा पिचर म्हणून उतरू शकला. टायलर ग्लासनाउ अठरा. रोकी सासाकी मे महिन्यात खांद्यामुळे बाहेर गेला. टोनी गोन्सोलिनच्या कोपराचं ऑपरेशन झालं. डस्टिन मे जुलैअखेर बोस्टनच्या संघात गेला. या सगळ्यांत एकच पिचर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत आपली पाळी न चुकवता उभा राहिला. यामामोतोनं तीस सामन्यांत सुरुवात केली आणि १७३ पूर्ण दोन तृतीयांश इनिंग टाकल्या. दुसऱ्या क्रमांकावर होता क्लेटन कर्शॉ, कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षातला, सदतीस वर्षांचा. त्याच्या इनिंग ११२ पूर्ण दोन तृतीयांश. पहिल्या आणि दुसऱ्यात तब्बल ६१ इनिंगचं अंतर! त्या ६१ इनिंग दुसऱ्या कुणाला तरी टाकाव्या लागल्या असत्या, आणि टाकायला माणूस नव्हता.

नुसत्या टाकल्या असंही नाही. त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे स्वतःच्या खात्यावर लागलेल्या धावा, २.४९ होता. डॉजर्स ज्या नॅशनल लीगमध्ये खेळतात तिच्यात त्याच्या पुढे फक्त पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर, २०१.

आता ओहतानीबद्दल. ५५ होम रन, म्हणजे आदल्या वर्षी स्वतःच केलेला क्लबचा विक्रम त्यानं मोडला. १४६ धावा. शिवाय जूनमध्ये पुन्हा पिचिंग सुरू करून ४७ इनिंग. लीगचा मौल्यवान खेळाडू म्हणून तीसच्या तीस मतं त्याला मिळाली आणि ती योग्यच होती. ही मतं बेसबॉल वार्ताहरांच्या संघटनेचे सदस्य देतात, बाद फेरी सुरू होण्याआधी देतात, आणि त्यांच्या मतपत्रिकेवरच्या सूचनांमध्येच 'मौल्यवान' या शब्दाची ठाम व्याख्या नाही असं सांगितलेलं असतं. म्हणजे ज्यानं त्यानं ती ठरवायची. लीगमध्ये सर्वांत चांगला कोण, हा एक प्रश्न. या संघाला, या वर्षी, कोणावाचून चाललंच नसतं, हा दुसरा. आपल्या लेखानं पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला लावलं.

ओहतानी नसता तर डॉजर्सची बॅटिंग नक्कीच उणी पडली असती. पण फ्रेडी फ्रीमन .२९५च्या (दर हजार संधींमागे २९५ हिट) सरासरीनं खेळत होता, त्याचे २४ होम रन होते, आणि अँडी पाहेससारख्या तरुणानं २७ मारले. भार वाटून घ्यायला खांदे होते. पिचिंगमध्ये खांदेच दुखावलेले होते.

एक आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो, आपल्या लेखातही तो ओझरता होता: पिचर आठवड्यातून एकदा खेळणार, तो रोज खेळणाऱ्यापेक्षा मौल्यवान कसा? याचा हिशेब करून बघा. ओहतानी संपूर्ण हंगामात ७२७ वेळा बॅट घेऊन उभा राहिला. इनिंगमागे तीन बाद या हिशेबानं यामामोतोनं १७३ पूर्ण दोन तृतीयांश इनिंगमध्ये ५२१ बॅटर बाद केले, आणि ज्यांना हिट मिळाले, ज्यांना वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकट पहिला बेस) दिले ते वेगळेच. बेरीज साडेसहाशेच्या वर जाते. एक जण थोडं थोडं रोज करतो, दुसरा एका दिवसात पंचवीस-पंचवीस लढती लढतो आणि पाच दिवस खांद्याला बर्फ लावतो. लढती जवळपास तेवढ्याच. आणि त्या एका दिवशी निकाल जितका त्याच्या हातात असतो, तितका कुठल्याही बॅटरच्या हातात नसतो. क्रिकेटमध्ये गोलंदाज मालिकावीर झाला तर आपल्याला काही वावगं वाटत नाही, मग इथेच का?

दोन पानं मला आपल्या वाचकांसमोर ठेवायची आहेत.

पहिलं पान १८ मार्चचं, टोकियोचं. हंगामाचा पहिलाच सामना, समोर शिकागो कब्ज. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. स्वयंपाकघरातला एकच दिवा लावून मी वही उघडली, नव्या वर्षाचं कोरं पान. यामामोतो मायदेशात, खचाखच भरलेल्या टोकियो डोममध्ये उभा होता. पाच इनिंग, एकच धाव. डॉजर्स ४-१नं जिंकले.

दुसरं पान ६ सप्टेंबरचं, शनिवारचं, बॉल्टिमोरचं. हे पान मी कधी फाटू देणार नाही. नवव्या इनिंगमध्ये दोन बाद झाले तेव्हा समोरच्या संघाच्या एकाही चौकोनात हिट नव्हता. स्ट्राइकआउटचा के, बॅटर नुसता बघत राहिला असेल तर उलटा के, ग्राउंडर (जमिनीवरचा फटका), झेल, मध्येच एखादा वॉक. बाकी पान स्वच्छ. डॉजर्स ३-० पुढे होते. नो-हिटरला, म्हणजे एकही हिट न देता सामना संपवायला, एकच बाद हवा होता. पेन्सिल माझ्या हातात थरथरत होती. त्याचा ११२वा चेंडू जॅक्सन हॉलिडेनं उजवीकडच्या कुंपणापलीकडे घालवला. होम रन झाला की चौकोनातला हिरा (चार बेसचं चित्र) पेन्सिलीनं पूर्ण काळा करायचा असतो. तो मी केला. लगेच व्यवस्थापकानं यामामोतोला काढलं. पुढचं लिहायला फार वेळ लागला नाही: डबल (दोन बेसचा फटका), चेंडू अंगावर, वॉक, पुन्हा वॉक (त्यात एक धाव), पिचर बदलला, आणि हिट. आणखी दोन जण घरी आले, म्हणजे दोन धावा. बॉल्टिमोर ४, डॉजर्स ३.

त्या पानाच्या तळाशी तीन ओळी आहेत. पहिलीत आठ पूर्ण दोन तृतीयांश इनिंग, एक हिट, एक धाव. खालच्या दोन ओळींतल्या पिचर्सना मिळून एकही बॅटर बाद करता आला नाही. मी त्या दोघांना दोष देत नाही. पण यामामोतो या संघासाठी काय होता हे समजावून सांगायची वेळ आली की मी कुठलीही प्रगत आकडेवारी काढत नाही, हे पान दाखवते. तो उभा होता तोपर्यंत सामना डॉजर्सचा होता.

पुढे २५ सप्टेंबरला ॲरिझोनामध्ये डॉजर्सनी ८-०नं जिंकून आपल्या विभागाचं अजिंक्यपद खिशात घातलं. त्या दिवशी सुरुवातीचा पिचर कोण? तोच. सहा इनिंग, शून्य धावा. हंगाम संपला तेव्हा डॉजर्स ९३ विजयांवर होते आणि विभागातले दुसरे, सॅन दिएगो पाद्रेस, ९०वर. तीन सामन्यांचा फरक.

या क्लबमध्ये पिचरला मानाचं पान देणं नवीन नाही. डॉन न्यूकमनं १९५६ मध्ये लीगचा मौल्यवान खेळाडू हा किताब आणि पहिलावहिला साय यंग (सर्वोत्तम पिचरचा) पुरस्कार दोन्ही मिळवले. सँडी कोफॅक्स १९६३ मध्ये आणि कर्शॉ २०१४ मध्ये मौल्यवान ठरले. उलट १९८८ बघा. लीगचा किताब कर्क गिब्सनला गेला, २५ होम रनवर. त्याच वर्षी ओरेल हर्शायझरनं २६७ इनिंग टाकल्या होत्या आणि सलग ५९ इनिंग एकही धाव दिली नव्हती. गिब्सनबद्दल मला आदर आहे, पण तो संघ कुणाच्या दंडावर उभा होता हे त्या वर्षीचे पिचिंगचे रकाने वाचणाऱ्याला विचारा.

ऑक्टोबर, म्हणजे बाद फेरी, मी मुद्दाम बाजूला ठेवला आहे. वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेतले यामामोतोचे तीन विजय सगळ्यांना माहीत आहेत, सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकून दुसऱ्याच रात्री सातव्या सामन्यात तो पुन्हा उतरला तेही. ओहतानीचीही मिलवॉकीविरुद्धची ती रात्र आहे: तीन होम रन आणि स्वतः पिचिंग करत दहा स्ट्राइकआउट. बाद फेरीच्या झगमगाटात निवड केली की भावना मध्ये येते. माझी निवड २८ सप्टेंबरला, शेवटचा साखळी सामना संपला त्या दुपारी झाली होती आणि तशी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली आहे.

आपल्याला एकच विनंती. पुढच्या वर्षी असा आढावा छापाल तेव्हा होम रनच्या तक्त्याशेजारी पिचर्सच्या इनिंगचा तक्ताही द्या, सुरुवात किती सामन्यांत केली याच्या आकड्यासह. दोन इंच जागा पुरते. निवड मग वाचकांना करू द्या.

आपली नम्र,
एक वाचक, लॉस एंजेलिस परिसर