मागचेच चाक का?

महोदय,

चौकात सायकलस्वार दगावला की बातमीत बहुतेक वेळा ‘डंपरच्या मागच्या चाकाखाली’ असे शब्द येतात आणि पुढच्या ओळीत चालकावर गुन्हा दाखल झालेला असतो. मागचेच चाक का, आणि बहुधा डावेच का, हे मात्र कुणी सांगत नाही.

वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतून कापत जातात. पुढच्या-मागच्या चाकांत साडेपाच मीटर अंतर असलेला ट्रक 10 मीटर त्रिज्येचे वळण घेतो तेव्हा मागचे चाक दीड मीटरहून अधिक आत येते. केबिन सायकलला न लागता पुढे निघून जाते आणि फूटपाथ व ट्रक यांच्यातली जागा मागून मिटत येते. शिवाय अरुंद रस्त्यावर डावीकडे वळायचे तर लांब गाडी आधी थोडी उजवीकडे काढावी लागते. मागच्या सायकलस्वाराला वाटते, ट्रकने वाट दिली. तो त्या फटीत शिरतो.

चालकाला तो दिसतो का? स्टिअरिंग उजवीकडे, सायकल डावीकडे. उंच केबिनमध्ये चालकाचे डोळे जमिनीपासून साधारण 2.4 मीटरवर असतात आणि डाव्या खिडकीची खालची कड 1.9 मीटरच्या आसपास. हिशेब केला तर दरवाज्यापासून जवळपास एक मीटरच्या पट्ट्यात सायकलस्वाराचे डोकेही खिडकीतून दिसत नाही. पूर्वी डाव्या सीटवर क्लीनर असायचा, तो डोके बाहेर काढून ओरडायचा. आता बऱ्याच मिक्सर-डंपरवर चालक एकटाच असतो. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागावर देवाचे नाव, वरून गोंडे, आणि सीटवर गादीची वळकटी. श्रद्धेला आमचा विरोध नाही, पण नाव मागच्या फाळक्यावरही तेवढेच शोभते.

राहिले आरसे. मुख्य आरशात गाडीची बाजू आणि मागचा रस्ता दिसतो. त्याखालच्या फुगीर आरशात मागच्या चाकांजवळची जमीन दिसते. दरवाज्यावर बसवलेला, खाली पाहणारा आरसा पायरी आणि पुढचे चाक दाखवतो. नेमका हाच तिसरा आरसा अनेक गाड्यांवर नसतो किंवा आभाळाकडे तोंड करून असतो. फुगीर आरसा फुटला की स्वस्तातला सपाट बसवतात, तिथेच अर्धी नजर जाते. दांड्याचा नट खड्ड्यांनी सैल होतो आणि दोन दिवसांत कोन बदलतो.

आरसे लावायची पद्धत सोपी आहे, अर्धा तास पुरतो. गाडी सपाट जागी उभी करा आणि चालकाने आपली सीट आधी पक्की करावी. डाव्या बाजूला एक मीटर अंतरावर खडूने रेघ ओढा. दुसऱ्याने सायकल घेऊन त्या रेघेवर पुढच्या बंपरपासून मागच्या चाकापर्यंत हळूहळू सरकायचे. सगळ्याच आरशांत डोके आणि चाक दोन्ही दिसेनासे झाले की चालकाने हॉर्न द्यायचा आणि तिथे खडूची खूण करायची. मग एकेक आरसा हलवून खुणा कमी करत जायचे. मुख्य आरशात स्वतःची गाडी काठाला थोडीशीच दिसली पाहिजे. अनेक जण निम्मा आरसा आपल्याच गाडीने भरतात. शेवटी हीच तपासणी बंपरच्या पुढे करा, कारण नाकासमोर चिकटून उभी असलेली सायकलही दिसत नाही.

सायकलस्वारांना लहानपणापासून सांगितले जाते, ‘डावीकडून चालव’. सरळ रस्त्यावर ते योग्यच आहे. पण ‘लेफ्ट फ्री’ असलेल्या चौकात सरळ जाणारा डाव्या कडेला राहिला तर वळणाऱ्या प्रत्येक गाडीच्या वाटेत उभा राहतो. सरळ जायचे असेल तर चौकाच्या तीसेक मीटर आधी मागे पाहून, हात दाखवून सरळ जाणाऱ्या रांगेत या. सिग्नलला थांबलेल्या ट्रकच्या डावीकडून पुढे सरकू नका. त्याच्या मागेच, तीन-चार मीटर सोडून आणि थोडे उजवीकडे थांबा, तिथे उजव्या आरशात दिसता. इंडिकेटरवर विसंबू नका, तो चिखलाने माखलेला असू शकतो. पुढचे चाक कुठे वळले आहे ते पाहा. आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. दिसत असेल तरी तो तुमच्याकडेच पाहतोय असे नव्हे.

महापालिकेला इथे नव्या कायद्याची वाट पाहायची गरज नाही. लंडनने 1 सप्टेंबर 2015 पासून साडेतीन टनांवरील मालवाहू गाड्यांना जवळचे दाखवणारे आरसे आणि बाजूचे संरक्षक पट्टे सक्तीचे केले. पुढे बारा टनांवरील गाड्यांना केबिनमधून थेट किती दिसते यावर तारे देऊन परवाना सुरू केला. त्यात 28 ऑक्टोबर 2024 पासून किमान तीन तारे, नाहीतर सेन्सर-कॅमेऱ्यांसह जादा सुरक्षा यंत्रणा लागते. आपल्याकडे कचऱ्याच्या गाड्या आणि रस्त्याच्या कामावरचे मिक्सर-डंपर पालिकेच्याच निविदेवर चालतात. डाव्या दरवाज्यावरचा आरसा, बंपरपुढची जागा दाखवणारा पुढचा आरसा आणि डावीकडचा कॅमेरा ही अट निविदेत घालता येते. सिग्नलला मोटारींच्या थांबारेषेपुढे सायकलींसाठी चार-पाच मीटरची रंगवलेली जागा ठेवता येते, मात्र तिथवर जायला ट्रकच्या डावीकडूनच वाट काढावी लागणार असेल तर ती न रंगवलेलीच बरी.

बाजूचे संरक्षक पट्टे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत आहेतच, त्यासाठी आयएस 14682 हे मानक आहे. पडलेला माणूस दोन चाकांच्या मधल्या जागेत जाऊ नये, एवढेच त्यांचे काम. साइटवर आड येतात म्हणून ते काढून ठेवतात किंवा वाकल्यावर परत बसवत नाहीत. ठेकेदाराचे बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक गाडीच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवावेत.

– अवजड वाहनांचे दोन चालक-प्रशिक्षक, पुणे