राउटर बंद करू नका, हे आधी सांगत जा

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बंड्या,

तुझे अशील परवा राउटर पिशवीत घालून आले. "कोणी छेडछाड करू नये म्हणून लगेच बंद केला," म्हणाले. काय बोलणार? चहा पाजला.

अरे, राउटरला हार्डडिस्क नसते. घटनेच्या रात्री कोणकोणते मोबाइल वायफायवर होते, कुणाला कोणता आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळाला, हे बहुतेक घरगुती मॉडेलांत रॅममध्येच (तात्पुरत्या मेमरीत) असतं. वीज गेली की सगळं साफ. चालू असतानाच लॉगिन करून, व्हिडिओ शूटिंग ठेवून, नोंदी उतरवून घ्यायच्या असतात.

उरते ती फ्लॅश चिप, वीज गेली तरी टिकणारी मेमरी. कव्हर उघडलं तर बोर्डाच्या कडेला वायर जोडायच्या चार टिकल्या ओळीने. मीटरने ग्राउंड शोधला, लॅपटॉपशी जोडणारा ३.३ व्होल्टचा यूएसबी-सिरीयल अडॅप्टर लावला (व्होल्टेजची वायर मुद्दाम मोकळी), स्पीड १,१५,२०० ठेवला आणि राउटर बोलायला लागला. पण बूटलोडरने (राउटर सुरू करणाऱ्या प्रोग्रामने) पासवर्ड मागितला. मग आठ पायांच्या चिपला क्लिप लावून थेट वाचली, दोनदा. दोन्ही प्रतींचा एसएचए-२५६ हॅश (फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा) तंतोतंत जुळला.

सापडलं ते असं: बाहेरून राउटर हाताळायची सोय चालू आणि ॲडमिनचा पासवर्ड कंपनीचाच. म्हणजे कुणीही आत शिरू शकलं असतं. शिरलंच, हे मात्र यातून सिद्ध होत नाही. कोर्टात एवढ्यावर उड्या मारू नकोस.

अशिलांकडे राउटरच्या लॉगिननंतरच्या पानाचा जुना स्क्रीनशॉट आहे, त्यात नोंदी १ जानेवारी १९७० च्या दिसतात. समोरचा वकील हसेल. अशा राउटरच्या घड्याळाला बॅटरी नसते. सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत ते तिथूनच मोजतं. पुढच्या नोंदी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आहेत, त्यात साडेपाच तास मिळवायचे. तिथला संध्याकाळचा साडेपाच म्हणजे आपल्या रात्रीचे अकरा.

त्याच स्क्रीनशॉटमधला मॅक ॲड्रेस (उपकरणाचा नेटवर्क क्रमांक) अशिलांच्या पुतण्याच्या फोनच्या मूळ ॲड्रेसशी जुळत नाही, म्हणून लगेच त्याला संशयातून वगळू नकोस. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायला बनावट ॲड्रेस देऊ शकतात. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये फोन कोणता ॲड्रेस दाखवतो तो बघ. नेटवर्क 'फर्गेट' करू देऊ नकोस.

आता कागद. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं) प्रमाणपत्र लागेल, हॅशसकट. भाग अ अशिलांचा, भाग ब तज्ज्ञ म्हणून माझा. राउटर सील करून कपाटात ठेवलाय. बिना पंचनाम्याचा आलाय, तेव्हा कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला याची नोंद अशिलांकडून लेखी घे.

आणि सगळ्यात घाईचं: इंटरनेट कंपनीच्या नोंदी. सर्ट-इनच्या (देशाच्या सायबर-सुरक्षा यंत्रणेच्या) २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, पण त्यावर विसंबून राहू नकोस. एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, तेव्हा अर्जात आयपीबरोबर पोर्ट नंबर (त्या आयपीवरच्या जोडणीचा क्रमांक) आणि सेकंदापर्यंतची वेळ माग. तारखेची वाट बघू नकोस, सोमवारीच अर्ज टाक. मसुदा मी आज रात्री व्हॉट्सॲप करतो.

तुझा,
नंद्या