आरोग्यमंत्री साहेब, दोन आठवडे राहिलेल्या गाठीला "दुधाची गाठ" म्हणून घरी पाठवू नका

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातली. पत्र माझ्या धाकट्या बहिणीबद्दल आहे आणि तिला विचारूनच लिहितेय. ती २८ वर्षांची, पहिलंच बाळंतपण. सातव्या महिन्यात अंघोळ करताना तिला डाव्या छातीत हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं. तपासणीला गेली तेव्हा तिने सांगितलं तर म्हणाले दूध यायची तयारी चाललीय, होतं असं. आम्हीही म्हटलं होत असेल. बाळंतीण होऊन माहेरी आली तोवर गाठ सुपारीएवढी झालेली. आईने शेक दिला, कोबीची पानं बांधली, शेजारच्या काकू म्हणाल्या दूध दाटलंय, बाळाला जास्त वेळ पाज. पण बाळ त्या बाजूला तोंडच लावेना, आणि आम्ही त्या लेकराला हट्टी म्हणत बसलो, ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

मग अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला. मग दुसरा. ताप नाही, लाली नाही, दुखतही नव्हतं फारसं, तरी इन्फेक्शनच म्हणत राहिले. बाळ चार महिन्यांचं झालं तेव्हा एका डॉक्टर मॅडमनी काखेत हात लावून बघितलं आणि त्याच दिवशी सोनोग्राफीला पाठवलं, मग बायोप्सी, म्हणजे गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणी. कॅन्सर होता, काखेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. पहिल्यांदा हाताला लागल्यापासून सहा महिने गेले होते साहेब. केमो सुरू करायचं म्हणून दूध आटवायच्या गोळ्या दिल्या, बाळ एका दिवसात डब्याच्या दुधावर आलं. ती रात्रभर दुसऱ्या खोलीत बसून होती कारण बाळाला तिचा वास आला की ते अंगाशी झोंबायचं.

उपचार महात्मा फुले योजनेतनं झाले त्याबद्दल मनापासून आभार, नाहीतर आमचं शेत गेलं असतं. पण योजना लागू होते निदान झाल्यावर. निदान होईपर्यंतची सोनोग्राफी, बायोप्सी सगळं आम्ही खिशातून केलं, आणि ज्या बाईच्या हातात स्वतःचे पैसेच नसतात ती तिथेच थांबते.

आता मला जे डॉक्टरांकडून कळलं ते लिहिते. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर वर्षभरात निघालेल्या स्तनाच्या कॅन्सरला वेगळं नाव आहे, म्हणजे डॉक्टर लोकांना हा ओळखीचा आहे. साधारण ३००० गरोदरपणांमागे एक असा अंदाज सांगतात, आणि आपल्या राज्यात वर्षाला लाखो बाळंतपणं होतात. या काळात निघालेल्या बहुतेक गाठी साध्या असतात हे मला माहितीय, कुणाला घाबरवायचं नाहीये. पण साधी आहे हे तपासून ठरवायचं ना, हात लावून अंदाजाने का? सोनोग्राफी पोटातल्या बाळाला सुरक्षित आहे. बायोप्सी फक्त तेवढीच जागा बधीर करून होते, गरोदर असली तरी होते, फक्त बाई गरोदर आहे की दूध पाजतेय हे पॅथॉलॉजीच्या कागदावर लिहावं लागतं कारण त्या काळात पेशी वेगळ्या दिसतात. आणि कॅन्सर निघालाच तर मूल पाडायलाच लागतं असं गावाकडे ठामपणे समजतात, तसं नाहीये. पहिले तीन महिने गेले की काही केमो पोटुशी असतानाही देता येतात, रेडिएशन आणि हार्मोनच्या गोळ्या बाळंतपणानंतर. मूल पाडल्याने आईचं आयुष्य वाढतं असंही दिसलेलं नाही. हे कुणी आधी सांगितलं तर बायका गाठ लपवणार नाहीत.

साहेब, माझी बहीण सरकारी यंत्रणेच्या बाहेर नव्हती हो. ९ तारखेच्या प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या तपासणीला ती जायची. बाळंतपणानंतर ४२ दिवसांत आशाताई सहा वेळा घरी आल्या, बाळाचं वजन केलं, नाळ बघितली. मग दीड, अडीच, साडेतीन महिन्याच्या लसी. एवढ्या वेळा कुणीतरी तिच्यासमोर बसलं होतं. आणि तुमची जी स्तनाच्या कॅन्सरची तपासणी मोहीम आहे ती ३० वर्षांच्या पुढच्या बायकांसाठी, ही २८ ची. म्हणजे तिकडूनही सुटली.

म्हणून मागणी एकच आहे. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या छातीतली गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर, वय कितीही असो, तिला सोनोग्राफी झालीच पाहिजे आणि शंका असेल तर बायोप्सी, मोफत, असा लेखी आदेश काढा. दुसरा अँटिबायोटिकचा कोर्स त्याच्या आधी नको. माता बाल संरक्षण कार्डावर ही एक ओळ छापा, आशाताईंच्या आणि एएनएम सिस्टरांच्या ट्रेनिंगमध्ये काखेत हात लावून कसं बघायचं ते घाला. मुंबईत टाटा हॉस्पिटलने १९९८ पासून वीस वर्षं वस्त्यांमध्ये हाताने तपासणीचा अभ्यास चालवला, तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका होत्या, आणि त्यांना गाठी लवकरच्या टप्प्यात सापडल्या. ते मोठ्या वयाच्या बायकांमध्ये होतं, मान्य, पण हात तर तसाच शिकवता येतो.

आमच्या गावच्या आशाताई आता प्रत्येक बाळंतिणीला स्वतःहून विचारतात, गाठ लागते का, किती दिवस झाले. त्या म्हणाल्या, फॉर्ममध्ये यासाठी वेगळा रकाना नाहीये, म्हणून त्या वहीच्या शेवटच्या पानावर नाव आणि तारीख लिहून ठेवतात आणि पंधरा दिवसांनी परत जातात. तेवढा रकाना त्यांना छापून द्या साहेब.

आपली नम्र,
सातारा जिल्ह्यातली एक मोठी बहीण