आई-बाबा, घारापुरीला जायचं ठरलंय

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

फोनवर काही सांगायला गेले की आई ‘बघू’ म्हणते आणि बाबा फोन आईकडे देतात, म्हणून पत्र. बाबा, शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेन्सिल खुशाल फिरवा, पण आईला पूर्ण वाचून दाखवा. मधलं काही गाळायचं नाही. आणि रागवायचं असेल तर शेवटी रागवा.

संक्रांत झाली की पुढच्या मंगळवारी रात्री मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबईला निघायचं आहे. तिकिटं काढून झाली, दोन्ही बर्थ खालचे. शुक्रवारी आपण सगळे घारापुरीला जायचं. सोमवारी लेणी बंद असतात, शनिवार-रविवारी बोटीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून शुक्रवार. समीरने आणि मी रजा टाकली आहे, चिऊची शाळा एक दिवस बुडेल. बुडू दे. तुम्ही आम्हाला जोतिबाच्या यात्रेला नेताना शाळेचा विचार केला होता का?

आई, हळदीकुंकवाचं कारण काढू नकोस. ते रथसप्तमीपर्यंत चालतं आणि त्याच्या आत तुला घरी पोचवायची जबाबदारी माझी.

आता तू म्हणशील, एवढं काय अडलंय त्या बेटावाचून. अडलेलं काहीच नाही. पण बाबांनी सबंध नोकरीभर पोरांना घारापुरीची ती तीन तोंडं काढायला शिकवली, तीही बँकेच्या कॅलेंडरवरच्या फोटोवरून. शाळेच्या हॉलमध्ये लावायला मोठा बोर्ड केला होता ना बाबा, तेव्हा फोटोवर चौकोन आखून, मग बोर्डावर चौकोन आखून. मी सतरंजीवर पालथी पडून तुमच्या पेन्सिलींना ब्लेडने टोकं काढत होते आणि आई ओरडत होती की पोरीच्या हातात ब्लेड देता म्हणून. मधल्या चेहऱ्याचं नाक तुमच्या मनासारखं उतरत नव्हतं. ‘फोटोवाल्याने खालून काढलाय, खरं नाक असं नसणार,’ असं म्हणून तुम्ही खोडलंत, परत काढलंत, परत खोडलंत. कागद असता तर भोक पडलं असतं. मुंबईला कितीदा आलात, पण दरवेळी कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, नाहीतर माझं बाळंतपण. ते नाक बघायचं राहूनच गेलं.

मी आधी एकटीच जाऊन सगळं बघून आले. त्यामुळे खाली जे लिहितेय ते ऐकीव नाही.

गेटवेला बोटीत चढताना थोडं जपावं लागतं, पायऱ्या ओल्या असतात आणि कधीकधी एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जावं लागतं. पण खलाशी हात द्यायला उभे असतात आणि समीर पुढे, मी मागे. एकदा बसलं की तासभर बसूनच राहायचं. वरच्या मजल्यावर जायचं नाही, कितीही छान दिसत असलं तरी. खालून ताज दिसतो, नौदलाची जहाजं दिसतात, तेलाच्या टाक्यांचं बेट लागतं, न्हावा-शेव्याच्या क्रेन दिसतात. थंडीत कुरव पक्षी बोटीमागे येतात आणि लोक त्यांना वेफर्स भरवतात. बाबा, तुम्ही भरवणार नाही हे मला माहीत आहे, पण इतरांना भाषणही देऊ नका.

आई, तुला ती बातमी आठवत असणार. डिसेंबर 2024 मध्ये नौदलाची वेगवान बोट घारापुरीला निघालेल्या बोटीवर आदळली आणि 15 माणसं गेली. तू तेव्हा मला तीनदा फोन केला होतास आणि मी ऑफिसात होते. भीती वाटणं साहजिक आहे, मलाही वाटली. त्यानंतर लाइफ जॅकेटची सक्ती झाली आहे. बोटीत बसल्या बसल्या जॅकेट घालायचं, पट्टे मी बांधीन. साडीवर विचित्र दिसतं, सगळ्यांनाच दिसतं. आणि मळमळीसाठी आले-पाक, लिंबू, सगळं माझ्या पिशवीत असेल. एसटीत तू माझ्या नाकाशी लिंबू धरायचीस, तसं मी तुझ्या धरीन.

बेटावर उतरलं की धक्का लांब आहे, दोन्ही बाजूंना खारफुटी, पण तिथे लहान मुलांच्या बागेतल्यासारखी छोटी गाडी आहे. ती पायऱ्यांपाशी नेऊन सोडते. बसायला सगळेच बसतात, म्हातारं असावं लागत नाही. पुढे मात्र 120 च्या आसपास पायऱ्या आहेत. वर निळ्या ताडपत्र्या, दोन्ही बाजूंना माळांची, दगडी हत्तींची, टोप्यांची दुकानं. ऊन लागत नाही.

इथे तुम्ही वाचायचं थांबणार, म्हणून बाबा, आधी ऐका. पायऱ्यांच्या तळाशी खुर्चीवाले असतात. लाकडी खुर्ची, दोन बाजूंना लांब बांबू, चौघे जण उचलतात. मी ती तुम्हा दोघांसाठी ठरवणार आहे.

तुम्ही काय म्हणणार हे मला पाठ आहे. चौघांच्या खांद्यावरून माणसाने एकदाच जायचं असतं. पन्हाळ्यालाही हेच म्हणालात, मग भरभर चढून गेलात आणि पुढचे पंधरा दिवस आई तुमच्या गुडघ्याला तेल चोळत बसली. मी तेव्हा गप्प बसले. आता नाही बसणार. बाबा, माउलींच्या पादुकाही पालखीतूनच जातात, त्यात कमीपणा कुणाला वाटत नाही. आणि या माणसांचं घर त्या खुर्चीवर चालतं. मी त्यांच्यातल्या एका काकांशी बोलले. खांद्याला टॉवेलची घडी ठेवली होती, घडीवर बांबूचा ठसा पडलेला. ‘तुमचे वडील मास्तर आहेत म्हणता ना, मग चुपचाप बसतील,’ म्हणाले. त्यांना काय माहीत मास्तर म्हणजे काय! पण त्यांच्या पोटावर पाय आणू नका. घासाघीस करायची नाही, मी पैसे ठरवून टाकीन आणि तुम्ही आकडा विचारायचा नाही.

आणि खरं सांगू, तुम्ही एकटे खुर्चीत बसलात तर तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून दोघांना खुर्ची असं नाही. आईसाठी मला खुर्ची हवीच आहे. तुम्ही बसलात तरच ती बसेल. आता बाबा, हळू वाचा.

आई, दिवाळीत तू पणत्या घेऊन गच्चीवर निघालीस आणि मधल्या वळणावर कठड्याला धरून उभी राहिलीस. मी मागेच होते. ‘पदर अडकला’ म्हणालीस. पदर अडकला नव्हता. भाऊबीजेला दादानेही पाहिलं, त्याने बंगळूरहून मला फोन करून विचारलं. म्हणून गुरुवारी दुपारी मी तुझ्यासाठी हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. इसीजी, इको, आणि रक्त तपासायला लागलं तर तेवढंच. सुई तुला टोचलेली कळत नाही, बाबांना चक्कर येते, त्यामुळे बाबा बाहेर बसतील.

मिरजेत काय डॉक्टर कमी आहेत का, हे तू म्हणणारच. नाहीत. अर्धं कर्नाटक मिरजेला उपचाराला येतं हे मी चौथीपासून ऐकतेय. पण तिथे तू एकटी जातेस, डॉक्टर काय म्हणाले ते पदराला बांधून आणतेस आणि आम्हाला सांगतेस ‘काही नाही गं, गॅस आहे’. शांतामावशीच्या वेळी आपण सगळ्यांनी हेच ऐकलं होतं. मला तू खोलीत असताना खोलीत असायचं आहे, बास. कदाचित खरंच गॅस असेल. मग मी तुला पुरणपोळी करून घालीन आणि तू तिला नावं ठेव.

बेट आधी ठरवलं आणि डॉक्टर नंतर, हे लक्षात घ्या. डॉक्टरांसाठी बेटाचं आमिष नाही. दोन्ही एकाच फेरीत होतंय एवढंच. बरं, थोडं आमिषही आहे.

डॉक्टरांना मी पायऱ्यांचं आणि बोटीचं विचारणार. त्यांनी नको म्हटलं तर बेट राहिलं, हट्ट नाही. मग शुक्रवारी आपण राणीच्या बागेत जाऊ. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं, तो हत्ती तिथे आहे. 1864 साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायला उचलला आणि क्रेनवरून पडून त्याचे तुकडे झाले. पुढे सांधून भायखळ्याला उभा केला. त्याला भेटायला एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही. बाबा, सांधे कुठे आहेत ते शोधायला तुम्हाला तासभर पुरेल.

पण डॉक्टर हो म्हणतील असं मला वाटतंय, म्हणून पुढचं लिहिते. आत शिरलं की एकदम काही दिसत नाही. उजेडातून आलेले डोळे सरावायला वेळ घेतात. मग खांब दिसायला लागतात, डोक्यावर दाबलेल्या उशा घेऊन उभे. आणि समोरच्या भिंतीत, पार आत, तो सदाशिव. माणसाच्या तिप्पट उंच. आपल्या डावीकडचा चेहरा मिशांचा, रागीट, हातात नाग. उजवीकडचा बाईसारखा नाजूक, हातात कमळ. मधला डोळे खाली घालून गप्प. बाबा, नाकाबद्दल मी काही लिहिणार नाही. तुम्हीच बघा आणि सांगा. घडीचं स्टूल घेऊन ठेवलंय, वही-पेन्सिल तुमची आणा. हवा तितका वेळ बसा, आम्ही घाई करणार नाही, फक्त तीनच्या बोटीने परत निघायचं.

बरीच शिल्पं खालून फुटलेली आहेत. नटराजाचे तर पायच राहिले नाहीत, तरी तो नाचतोय असं वाटतंच. मला तिथे तुमचे गुडघे आठवले, रागावू नका. आई, तुझ्यासाठी शिव-पार्वतीचं लग्न आहे. पार्वती मान खाली घालून उभी आणि मागून तिचे वडील तिला हळूच पुढे करतायत. माझ्या लग्नात बाबा असेच मागे उभे होते, फक्त त्यांनी मला पुढे केलं नाही, माझा शेला धरून ठेवला होता. समीर अजून सांगतो.

पूजेचं सामान आणू नकोस. लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, नुसता नमस्कार करायचा. शिवाय माकडं. हातात काहीही दिसलं की ओढतात. तुझी जाळीची पिशवी घरी. डबा समीरच्या बंद पाठपिशवीत असेल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी तू आणलीस तर मी नाही म्हणणार नाही. पाणी आपलंच. चहा वर मिळतो. बेटावर समुद्राखालून केबल टाकून 2018 मध्ये वीज आली, त्यामुळे थंड सरबतही मिळतं, पण बाबांना साखर किती घालायची ते मी सांगणार. टॉयलेट आहे, मी जाऊन बघितलं, चालण्यासारखं आहे.

घरचं सगळं तयार आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतलाय. तुमच्यासाठी म्हणून नाही, चिऊसुद्धा साबणावर घसरते. बाबांना पातळ उशी, कापसाची. आई, तुझा पाचचा चहा तूच करायचा, दूध आदल्या रात्री फ्रीजमध्ये असेल आणि आल्याची किसणी डाव्या ड्रॉवरमध्ये. भांडी घासायची नाहीत. बाई येतात. त्या येण्याआधी तू भांडी घासून ठेवतेस, मग त्या माझ्यावर रागावतात.

येताना एवढं आण: मागचे सगळे रिपोर्ट, म्हणजे कपाटात साड्यांखाली लपवलेलेसुद्धा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, नुसत्या सुट्या गोळ्या पुडीत बांधून नको, नाव वाचता आलं पाहिजे. बोटीसाठी मागे पट्टा असलेल्या चपला, स्लिपर नाही. बाबांची काठी. हो, काठी. पलंगाखाली ठेवून विसरायची नाही.

मांजराचं शेजारच्या काकूंशी बोलून झालंय. त्या दोन्ही वेळा दूध-पोळी घालतील. तुळशीला पाणीही. तुम्ही त्यांना वेगळं सांगायला जाल आणि त्यांच्याकडेच तासभर बसाल, म्हणून आधीच सांगितलं.

बुधवारी पहाटे कल्याण गेलं की फोन करा. मी आणि समीर स्टेशनवर डब्यासमोरच असू. आपण होऊन सामान उतरवायला जाऊ नका.

तुमची,
बेबी

ता. क. बाबा, तुम्ही ‘बघू’ असं पोस्टकार्ड पाठवणार असाल तर पाठवू नका. खुर्चीचं मी त्या काकांना सांगून ठेवलंय. आणि आई, एसीच्या डब्यात पांघरूण मिळतं, वाकळ आणायची नाही. तीळगूळ मात्र आण, साखरेचा नको, गुळाचा. चिऊला तुझाच लागतो.