काकू, तुमच्या फ्रीजरमधल्या त्या खणासाठी

काकू, सप्रेम नमस्कार.

काल दारात उभ्या उभ्या तुमचे आभार मानायला आले, तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणत पिशवी हातात दिलीत आणि प्रवास कसा झाला ते विचारायला लागलात. मला पुढे बोलताच येईना, घसा भरून आला होता. म्हणून लिहितेय, आणि मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. पाच आठवडे घर बंद होतं. आल्या आल्या आधी कपाट उघडलं. एकाही कपड्याला भोक नाही, कुठे कुबट वास नाही, कोटावर बुरशीचा ठिपका नाही. तुमचं नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, ते घेत नाही. पण झालं ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

गेल्या वर्षीही आम्ही असेच सुट्टीवर गेलो होतो. निघायच्या गडबडीत बॅगेत काय भरायचं एवढंच डोक्यात होतं, मागे कपाटात काय राहतंय याचा विचारही मनात आला नाही. परत आले, आईची शाल काढली आणि सवयीने खिडकीपाशी उलगडली, तर लोकरीतून आरपार उजेड आला. सात भोकं. एक तर ती मानेभोवती घ्यायची तिथेच, बोट जाईल एवढं.

आई जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. ती शाल मी धुतली नव्हती. तिच्या तेलाचा, औषधी मलमाचा, तिच्या अंगाचा वास होता त्यात. तो जाऊ नये म्हणून घडी घालून कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, मागे, अगदी जपून ठेवली होती. कसरीला, म्हणजे लोकर खाणाऱ्या किडीला, नेमकं हेच हवं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी ज्यांच्याकडे गेले त्यांच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवणारही नाही. कीटकनाशक फवारणाऱ्यांना बोलावलं. त्यांचा माणूस आला, कपाटाच्या बाहेरून आणि भिंतीच्या कडेने औषध मारलं, आत काय आहे ते विचारलंही नाही, आणि वर्षभराची हमी लिहून दिली. दोन महिन्यांत स्वेटरच्या बाहीला भोक दिसलं. फोन केला तर म्हणाले, कपडे आमच्या जबाबदारीत येत नाहीत. मग काय येतं? लॉन्ड्रीवाल्याने कोट प्लॅस्टिकच्या आवरणात दिला आणि "असाच टांगून ठेवा, धूळ बसणार नाही" म्हणाला. तसाच ठेवला. आत ओल कोंडली आणि कॉलरच्या खाली करडी बुरशी धरली. आणि नात्यातल्या एकीने शाल बघून म्हटलं, "न धुता ठेवलीस म्हणजे हे होणारच. जुनीच तर होती, टाकून दे आता." त्या वाक्यानंतर मी शाल कुणाला दाखवलीच नाही.

या वर्षी निघायला चार दिवस असताना किल्ली द्यायला तुमच्याकडे आले. तुम्ही किल्ली घेतलीत आणि सहज विचारलंत, "कपड्यांचं काय केलंस?" झाडांचं नाही, दुधाचं नाही, कपड्यांचं. आयुष्यभर शिवणकाम केलेल्या बाईलाच हा प्रश्न सुचणार. आणि मी तिथेच जिन्यात रडायला लागले.

तुम्ही संध्याकाळी वर आलात. मला वाटलं होतं डांबरगोळ्यांची पुडी आणाल, दोन सूचना द्याल आणि जाल. मी शाल काढून पलंगावर ठेवली. तुम्ही हात पुढे केलात आणि मध्येच थांबलात. बोटातल्या अंगठीकडे बघितलंत. "धागा अडकेल," एवढंच म्हणालात आणि ती काढायला लागलात. निघेना. सांध्यावर अडकली होती, किती वर्षांत काढली नव्हती कोण जाणे. मी म्हटलं, काकू, राहू द्या. तुम्ही ऐकलं नाहीत. बेसिनपाशी गेलात, बोटाला साबण लावलात आणि हळूहळू फिरवत, तोंड वाकडं करत ती काढलीत. मग हात कोपरापर्यंत धुतलेत, कोरडे केलेत, अंगठी खिडकीत ठेवलीत आणि मगच शालीला हात लावलात. बोटावर अंगठीच्या जागी एक पांढरा, खोल वळ होता. शाल उलगडताना मी त्या वळाकडेच बघत होते.

काकू, बाकी सगळं तुम्ही केलंत ते मोठंच आहे. पण मला रडू आवरेना ते त्या साबणाच्या बोटामुळे. जुनी, भोकं पडलेली, न धुतलेली शाल. जिला टाकून दे म्हणून सांगण्यात आलं होतं, तिचा एक धागा ओढला जाऊ नये म्हणून कुणीतरी एवढे कष्ट घेतं. वर्षभरात भेटलेल्या सगळ्यांनी मला उपाय सांगितले होते. शालीकडे नीट बघितलं ते फक्त तुम्ही. आणि "का धुतली नाहीस?" असं विचारलंही नाहीत. मान खाली करून एकदा वास घेतलात आणि म्हणालात, "आईची ना? मग धुवायची नाही. दुसरं काहीतरी करू."

ते दुसरं काहीतरी म्हणजे थंडी. एवढ्या साध्या गोष्टीवर माझा आधी विश्वास बसला नव्हता, म्हणून प्रवासात जमेल तेवढं वाचत गेले आणि तुमचा शब्द न् शब्द खरा निघाला. उडणारा तो छोटा सोनेरी पतंग कापड खातच नाही, त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. खाते ती त्याची अळी. एक मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, अर्ध्या मिलिमीटरची, लोकरीच्या धाग्यांत दिसतही नाहीत. अळीला हवं असतं केराटिन, जे आपल्या केसांत आणि नखांत असतं, तेच लोकरीत. स्वच्छ लोकरीपेक्षा घाम, तेल, सांडलेल्या अन्नाचा डाग लागलेली लोकर तिला जास्त मानवते. आणि तिला उजेड नको असतो, हालचाल नको असते. आपण घरात असतो तेव्हा कपाट दिवसातून दहा वेळा उघडतं, कपडे इकडचे तिकडे होतात. सुट्टीवर गेलो की तिला अंधार मिळतो, शांतता मिळते आणि आठवडेच्या आठवडे मिळतात. तुम्ही हे एका वाक्यात सांगितलं होतंत: "आपली सुट्टी म्हणजे तिचा सुगीचा काळ."

शाल हवा काढून पिशवीत घट्ट बंद केली की उणे १८ अंशांत दोन आठवड्यांत अंडी, अळ्या सगळं मरतं, आणि वासाला धक्का लागत नाही. पण आम्ही तर निघताना फ्रीज रिकामा करून बंद करणार होतो. मी तसं म्हणाले आणि गप्प बसले. तुम्ही म्हणालात, "माझा कुठे बंद असतो?" दुसऱ्या दिवशी सकाळी खाली आले तर तुमच्या फ्रीजरचा मधला खण रिकामा, पुसून कोरडा केलेला. त्यातलं सामान तुम्ही बाकीच्या खणांत कसंबसं कोंबलं होतंत, दार लावताना दोन्ही हातांनी दाबावं लागत होतं. पाच आठवडे तुम्ही तसंच दाबत राहिलात.

उरलेल्या दोन दिवसांत आपण काय काय केलं ते सगळं लिहीत बसत नाही. तुम्ही दोन्ही संध्याकाळी आलात, कपाट पूर्ण रिकामं करायला लावलंत आणि स्वतः गुडघ्यावर बसून खालच्या खणाच्या कोपऱ्यात, फळीच्या फटीत व्हॅक्यूमची चपटी नळी फिरवलीत. तिथून जे निघालं, लोकरीचा भुगा आणि अळ्यांची ती बारीक तांदळासारखी रिकामी कवचं, ते बघून मला कळलं की त्या वर्षभराच्या हमीतलं औषध कुठपर्यंत पोचलं होतं. "एकदाच घातलाय, स्वच्छच आहे" म्हणून मी परत टांगलेला प्रत्येक कपडा तुम्ही काढायला लावलात. ताजा घाम दिसत नाही, पण महिनाभर कोंडला की काखेत पिवळा उमटतो आणि मग निघत नाही. गोड सरबताचा थेंबही तसाच, आज पारदर्शक आणि महिन्याने तपकिरी. इस्त्रीचे गरम कपडे मी थेट आत ठेवत होते, तर तुम्ही माझा हात धरलात. "वाफ आत कोंडते. पंख्याखाली निवू दे." कोटाचं प्लॅस्टिक काढून जुन्या सुती चादरीचं आवरण शिवून दिलंत, माझ्यासमोर, अर्ध्या तासात. कपाट भिंतीला चिकटलं होतं ते आपण दोघींनी ढकलून चार बोटं पुढे आणलं, मागे हवा खेळावी म्हणून.

डांबरगोळ्यांचा डबा मात्र मी तुम्हाला दाखवला तेव्हा पहिल्यांदा तुम्ही रागावलात. त्या मी खाली, कपड्यांच्या घड्यांत घातल्या होत्या. तुम्ही सांगितलंत की त्यांची वाफ हवेपेक्षा जड, ती खालीच बसते, वरच्या कपड्यांना काही उपयोग नाही. घट्ट बंद डब्यात ती साचली तरच काम करते, फटी असलेल्या कपाटात नुसता वास. आणि तो वास आपल्या छातीतही जातो. "घरात लहान मूल येतं ना तुझ्याकडे? गोळी समजून तोंडात घालेल," असं म्हणून तुम्ही त्या एकेक करून वेचून बाहेर काढल्यात. माझ्या भाचीचा विचार तुम्ही केलात, जिला तुम्ही दोनदाच पाहिलंय. मला तो सुचला नव्हता, याची मला लाज वाटली.

मी खूप विचार केला की तुमच्यात आणि त्या बाकीच्यांत फरक कशाचा. माहितीचा आहेच, पण फवारणीवाल्यालाही माहिती असणारच, तो तर पोटासाठी तेच करतो. तुम्ही आधी बघितलंत, हात लावलात, मग बोललात. माणसाचं दुःख त्याच्या वस्तूत कसं अडकलेलं असतं हे ज्यांना कळतं, त्यांच्या हातून सहसा ती वस्तू वाईट होत नाही. अशी माणसं बहुतेक वेळा कुठल्याच पाटीवर नसतात. ती खालच्या मजल्यावर राहतात, आपण त्यांना किल्ली आणि झाडांचं पाणी एवढ्यापुरतं ओळखतो, आणि त्यांचे हात काय काय जाणतात हे कळायला आपल्याला जिन्यात रडावं लागतं. तुमच्या शेजारी सहा वर्षं राहते, काकू. याआधी कधी तुमच्या घरात पाच मिनिटांपेक्षा जास्त बसले नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

काल पिशवी दिलीत तेव्हा म्हणालात, "लगेच उघडू नको. घरातल्या हवेइतकी होऊ दे, नाहीतर थंड लोकरीवर पाणी धरेल." मी ती रात्रभर टेबलावर ठेवली. सकाळी उघडायला गेले तर पिशवीला चिकटपट्टीने एक कागद लावलेला, तुमच्या त्या शिवणाच्या वहीतला, मापं लिहायचे चौकोन असलेला. पेन्सिलीने लिहिलं होतं: "वरच्या मुलीच्या आईची शाल. कोणी हलवू नये." मग आठवलं, मधल्या दिवसांत तुमचा मुलगा आणि सून येऊन राहणार होते. त्यांच्या हातून चुकून बाहेर निघू नये म्हणून तुम्ही ते लिहून ठेवलं होतंत.

वास आहे, काकू. थोडा पुसट झालाय, पण आहे. मी शाल तोंडावर घेऊन बराच वेळ बसून होते. नवऱ्याने दार लोटून पाहिलं आणि काही न बोलता परत ओढून घेतलं. भोकं सातच आहेत, आठवं नाही. आता ती झाकणाच्या डब्यात ठेवणार आहे, आणि महिन्यातून एकदा काढून खिडकीत झटकायची, घडी बदलायची हे तुमचं सांगणं कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. तुमचा तो कागद त्याच डब्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला लावलाय.

रफू करू म्हणाला होतात. प्रवासात एका ठिकाणी लोकरीची लड मिळाली, रंग अगदी जवळचा वाटतोय, पण माझ्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही. रविवारी सकाळी, उजेड चांगला असताना, शाल आणि लड घेऊन खाली येते. मानेजवळचं मोठं भोक आधी घ्यायचं की शेवटी, ते तुम्ही ठरवा.

तुमची,
वरच्या मजल्यावरची