नाव न सांगता गेलेल्यांचे आभार

आठवड्यातून ३ वेळा, दर खेपेला ४ तास डायलिसिस. परतताना पायांत त्राण नसतं. लोकलच्या गर्दीत न मागता जागा देणाऱ्यांनो, तुमची नावंही मला ठाऊक नाहीत.

पहिल्या दिवशी मशीन सुरू होताच मी घाबरलो, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या आजी हळू आवाजात बायबलमधलं २३वं स्तोत्र म्हणू लागल्या. ‘मृत्युच्छायेच्या दरी’च्या ओळीपाशी त्या पोचल्या आणि नकळत मीही सोबत पुटपुटलो. तोवर देवाला मी फक्त जाब विचारत होतो. अजूनही विचारतो, पण आता प्रार्थनेनंतर.

आमच्या वसईतल्या घराच्या दाराला सुकेळ्यांची पुडी अडकवून जाणाऱ्या भल्या माणसा, तुझेही आभार. केळ्यातलं पोटॅशियम मला वर्ज्य, पण नातवंडांनी पुडी फस्त केली!